ओल कुणाच्या मोटरीची

गुरुवारी सकाळी सव्वासातला नळ आले आणि पावणेआठच्या सुमाराला कारभारी काकांच्या बैठकीतल्या भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं. आधी छताखालचा कोपरा काळा पडला. मग पाण्याची रेघ काकांच्या लग्नाच्या फोटोमागून खाली उतरली आणि दिवाणावरच्या गादीत मुरली. काकांनी जिन्याशी येऊन वर हाक दिली, "शालू, मोटर बंद कर. जल्दी."

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या शालूनं न्हाणीच्या दाराशी असलेलं बटण दाबलं. ड्रममध्ये पडणारी धार बारीक झाली आणि तुटली. तरी जिन्याखालून घरघर येतच होती, कारण तिच्या मोटरीशेजारी काकांची मोटर बसवलेली होती आणि ती गच्चीवरची मोठी टाकी भरत होती. शालू कठड्यावरून वाकून म्हणाली, "काका, तुमची बी बंद करा ना."

"माझीचं काय त्यात? पाणी तुझ्या न्हाणीखालून येऊन राह्यलं."

काकांची मोटर चालू राहिली. शालू खाली बैठकीत आली. ती बंद झाली तेव्हा नळ गेलेले होते. तोवर भिंतही गळत होती.

घटना एवढीच. ती पाहणारी माणसं तीन होती: शालू, काका आणि काकांची बायको झुंबरबाई. शालूची मोटर आधी थांबली आणि भिंत नंतरही गळत राहिली, हे तिघांच्याही डोळ्यांसमोर घडलं. त्यांतल्या शालूला ते आठवतं. काकांना आठवत नाही. झुंबरबाईंना विचारलं तर त्या आधी विचारतात, "जेवलीस का?"

या गावात नळ आठवड्यानं येतात, कधी त्याहून उशिरा, आणि आले की जेमतेम तासभर राहतात. मोटर लावून पाणी ओढायला बंदी आहे आणि गल्लीत मोटरीवाचून एकही घर नाही. समोरच्यानं लावली की आपल्या तोटीतून नुसती हवा येते, म्हणून आपण लावायची. आपण लावली म्हणून पलीकडचा लावतो. शालू इथे राहायला आली त्याच दिवशी काकांनी तिला जिन्याखालची जागा दाखवली होती. "इथं तुमची मोटर बसवा. न्हाई तर थेंब चढायचा न्हाई वर." घराला हौद नव्हता. बांधू-बांधू म्हणता राहून गेला होता. त्यामुळे खालून निघालेलं पाणी दोन पाइपांनी थेट वर जायचं. काकांचा जाड पाइप गच्चीवरच्या टाकीला, शालूचा बारीक पाइप तिच्या न्हाणीतल्या ड्रमला. दोन्ही त्याच एका भिंतीतून.

कारभारी काका मूळचे वाटूरचे. तिकडे बागायत, इकडे पोरांच्या शिक्षणासाठी बांधलेलं हे दुमजली घर. पोरं शिकून पुण्याला गेली आणि वरचा मजला भाड्याला निघाला. शालूचा नवरा शिवशंकर एसटीच्या डेपोत मेकॅनिक. भाडं ठरवायला दोघं आले तेव्हा बोलता बोलता निघालं की झुंबरबाईंचं माहेर राजूरजवळचं आणि शालूचंही तिकडचंच, मध्ये फक्त एक ओढा. झुंबरबाईंनी तिथल्या तिथे शालूला जवळ ओढलं. "म्हंजी माझी भाचीच की गं तू." काका शिवशंकरला जावईबापू म्हणायला लागले. डिपॉजिटचे पंधरा हजार शिवशंकरनं त्यांच्या हातात ठेवले. कागदाचा विषय शालूनं काढला, तेव्हा काका हसले. "भाचीसंगट कागद करू का मी?"

शिवशंकरला ते फार आवडलं होतं. शालूला नव्हतं आवडलं, पण भाची झाल्यावर बोलणार काय.

भिंत गळली तो गुरुवार होता आणि सोमवारी शालू घर सोडणार होती. ते महिनाभर आधीच ठरलेलं. शालू ब्लाउज शिवायची, साड्यांना पिको-फॉल करायची. गिऱ्हाइकं जिना चढायला कुरकुर करायची. कापडाच्या दुकानातून निवृत्त झालेल्या रामप्रसादजींच्या घरात तिला मागची खोली आणि रस्त्यावर उघडणारा पुढचा गाळा असं दोन्ही मिळत होतं. गाळ्याला शटर होतं, उत्तरेचा उजेड होता, समोर बसथांबा होता. मागच्या खोलीचं डिपॉजिट सहा हजार, गाळ्याचं नऊ. काकांकडचे पंधरा आले की रामप्रसादजींना पंधरा द्यायचे. इतकं सरळ होतं ते.

भागवत प्लंबर शनिवारी आला. नळ गेलेले, पाइप कोरडे. त्यानं भिंतीला कान लावला, हात फिरवला आणि म्हणाला, "पाणी असल्याबिगर मला काय दिसंल? अंदाजानं फोडावं लागंल."

"वरून फोड," काका म्हणाले. "हिच्या न्हाणीतून."

त्यानं शालूच्या न्हाणीतल्या चार फरश्या काढल्या. आत चरीत दोन्ही पाइप पाठीला पाठ लावून बसलेले होते आणि भोवतीचं सिमेंट सगळीकडून सारखंच ओलं होतं.

"गळतो कोणता यातला?" शालूनं विचारलं.

"ते आता कसं सांगू ताई? नळ आल्यावर कळंल."

"मंग नळ येईस्तोवर उघडं ठेवा ना. तव्हा मी येते बघायला."

"अन् नवीन भाडेकरू बघायला आला तर त्याला काय हे खिंडार दाखवू?" काका म्हणाले. "भागवत, बारका पाइप बदल. नवीन जोड टाक. अन् बंद करून टाक आजच्या आज."

"दोन्ही बदलले तर बरं पडंल काका."

"सांगितलं तेवढं कर की लेका."

भागवतनं सांगितलं तेवढं केलं. संध्याकाळी फरश्या परत बसल्या, वर पांढरं सिमेंट फिरलं. शालू दारात उभी राहून बघत होती. आत्ता बोललं तर भांडण होईल, सोमवारी निघायचं आहे, पैसे हातात येऊ देत, असा तिनं विचार केला. चूक तिथे झाली असं ती आता म्हणते. शिवशंकरच्या मते चूक सोमवारी झाली.

सोमवारी टेम्पो दाराशी लागला. शेवटची खेप भरल्यावर झुंबरबाईंनी शालूला आत बोलावून पाटावर बसवलं. हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, हळकुंडं, सुपारी. आणि त्या सगळ्यावर काकांनी दिलेलं एक पाकीट ठेवलं. "डिपॉजिट आहे गं तुझं. ओटीतच टाकते. लक्ष्मी आहे, भरल्या ओटीनं ने." झुंबरबाईंचे डोळे भरून आले होते आणि ते खरे होते, हे शालू आजही कबूल करते. शालूनं पदर सावरला, दोघांच्या पाया पडली. बाहेर शिवशंकर काकांच्या पाया पडला. ओटीत आलेलं पाकीट तिथेच उघडून मोजायचं, तेही देणाऱ्यासमोर, असं तिच्या माहेरीही कुणी केलं नसतं आणि सासरीही नाही.

नव्या घरी ओटी देवापुढे उतरवून तिनं पाकीट उघडलं. आत सहा हजार होते.

तिनं पुन्हा बघितलं. मग तांदळात बघितलं. मग खणाची घडी उलगडून बघितली. शिवशंकर म्हणाला, "टेम्पोत पडले का बघतो," आणि खरंच बघून आला. मग तिनं फोन लावला.

"बराबर आहेत," काका म्हणाले. "नऊ भिंतीत गेले की."

"काका, नऊ हजार?"

"प्लंबर, फरशी, सिमेंट, रंग. अन् गादी."

"गादीबी?"

"भिजली कुणामुळं? कापूस नवीन भरावा लागला सगळा. मी काही वरचं घेतलं न्हाई हां तुझ्याकडून, खर्चा झाला तेवढाच धरला."

"तव्हा बोलला असता तर..."

"तव्हा तू बोलली का? ओटीत घेतलंस, पाया पडलीस. माणूस समाधानानं घेतो तव्हाच पाया पडतो ना बाई? शिवशंकरला दे जरा."

शिवशंकरनं फोन घेतला. तो "हो काका", "न्हाई काका", "बरं काका" असं तीन वेळा बोलला आणि फोन ठेवला.

"काय म्हणले?"

"चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गाडी करून राह्यलेत. चलता का म्हणले."

रामप्रसादजींनी सहा हजार मागच्या खोलीपोटी जमा धरले. माणूस भला, बोलणं गोड. "बेटा, गाळ्याची किल्ली बाकीचे आले की. मेरा भी घर इसी पे चलता है. महिनाअखेरपर्यंत मी थांबतो, कुणाला देत नाही." त्यामुळे शालूचं शिलाई मशीन मागच्या खोलीत, पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत बसलं. तिथे दिवसाही बल्ब लावावा लागायचा. बल्बच्या उजेडात तिनं बँकेतल्या एका बाईंच्या वांगी रंगाच्या साडीला जांभळा फॉल लावला. बाईंनी तो दारातल्या उन्हात धरला, काही न बोलता घडी घातली आणि राहिलेल्या तीन साड्या परत मागितल्या. लग्नसराई तोंडावर होती. मधल्या बंद दारापलीकडे उत्तरेचा उजेड रिकाम्या गाळ्यात पडून होता.

"मी जाऊन बोलते," शालू म्हणाली.

"जाऊ दे ना. मोठं माणूस आहे," शिवशंकर म्हणाला.

"मोठं माणूस आहे म्हणून गादी आपण भरून द्यायची?"

"तसं न्हाई..."

"मंग कसं?"

शिवशंकर चपला घालून डेपोकडे निघाला. डेपोत गाडी बिघडली तर तो ड्रायव्हरला चार शब्द सुनावायचा. कुणी जावईबापू म्हटलं की त्याचं अवसान जायचं.

शालू पहिल्यांदा गेली तेव्हा झुंबरबाईंनी पिठलं-भाकरी वाढली आणि काका जेवल्याशिवाय विषय काढू देईनात. जेवण झाल्यावर ते वामकुक्षीला गेले. दुसऱ्यांदा गेली तेव्हा काका वाटूरला गेले होते आणि झुंबरबाईंनी धपाटे बांधून दिले. तिसऱ्यांदा शालू घरून जेवूनच गेली आणि तिनं दारातच सांगितलं, "काकू, उपास आहे माझा."

"मंग भगर टाकते."

"पाणीबी नको काकू. काकांना बोलवा."

झुंबरबाई आत वळल्या आणि शालूची नजर गच्चीच्या जिन्यावर गेली. कठड्यावर गादी वाळत घातली होती. तीच, नवीन कापूस भरलेली.

"गादी का बाहेर?" तिनं विचारलं.

"अगं परवा नळ आल्ते ना, तव्हा पुन्हा जरा..."

"झुंबर," आतून काकांचा आवाज आला. "चहा ठेव."

झुंबरबाई चहा ठेवायला गेल्या. शालू सरळ बैठकीत शिरली. लग्नाचा फोटो दिवाणावर उतरवून ठेवलेला. भिंतीला रंग नवा, पण कोपऱ्यात पोपडा धरलेला, आणि त्याखालून ओल्या मातीचा वास.

"काका, माझी मोटर मी घेऊन गेले. वर कुणी राहत न्हाई. मंग ही ओल कुणाची?"

काकांनी भिंतीकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू भिंत आत्ताच बाहेरून आली आहे. "जुनी आहे ती. आतली. निघायला वेळ लागतो."

"काकू म्हणल्या परवा..."

"तिला काय कळतं पाइपातलं?"

"तुमचा जाड पाइप गळून राह्यला काका. भागवतनं बारका बदलला, अन् गळतो जाड. माझ्या नऊ हजारात तुम्ही चांगला पाइप बदलला."

"अन् जाड पाइप फुटला कशानं, सांग ना? माझी मोटर चालू असताना तू तुझी लावली. दोन मोटरी एका नळावर. ताण कुणावर आला?"

"तुम्हीच जागा दाखवली ना मोटरीला."

"जागा दाखवली. संगटच लाव म्हणलो का?"

शालू दाराकडे वळली. कारण हे खरं होतं की त्या गुरुवारी पाणी कमी दाबानं आलं होतं आणि तिनं काकांची टाकी भरायची वाट न बघता बटण दाबलं होतं. गल्लीतल्या सगळ्यांनी दाबलं होतं. पण बोलता बोलता काकांनी जाड पाइप फुटल्याचं कबूल केलं आहे, हे तिच्या फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं. ती परत आत गेली नाही. परत गेली असती तर चहा घ्यावा लागला असता.

समोरच्या वच्छलाबाई ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांच्या खिडकीतून काकांची बैठक दिसते. शालू त्यांच्याजवळ टेकली.

"काकी, परवा काकांच्या भिंतीतून पाणी आलं का?"

"आलं की. बादल्या उचलीत होती झुंबर."

"मंग तेवढंच सांगा ना काकांना. मोटर फक्त त्यांचीच चालू होती अन् भिंत गळली, एवढंच."

वच्छलाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "मोटरीचं नाव काढू नको माय."

"का बरं?"

"आज तू माझ्या तोंडानं म्हणशील काकाची मोटर होती. उद्या काका म्हणंल वच्छलाची दीड हॉर्सपॉवरची आहे. परवा पालिकेवाले दारात. गल्लीत न्हाव्याच्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत कुणाची मोटर न्हाई सांग बरं."

"मी काही पालिकेत चालले का?"

"तू न्हाई चालली. गोष्ट चालत जाती." त्यांनी पुन्हा शेंग उचलली. "तुझं बराबर आहे पोरी. बिलकुल बराबर आहे. पण मी काही बघितलं न्हाई."

तिथून निघाली तेव्हा शालूच्या डोक्यात एकच सणक होती. भिंत गळते हे सगळ्यांना माहीत. कशानं गळते हेही माहीत. आणि ते तोंडानं सांगणारं एकही माणूस नाही, कारण पाइपाच्या खालच्या टोकाला ती मोटर आहे, जी कुणाच्याच घरी नाही.

त्या रात्री जेवताना तिनं शिवशंकरला सांगितलं, "मला कुणाची साक्ष नको. भिंतीलाच बोलू द्या. पुढच्या नळाला काकांची मोटर लावायची अन् सगळ्यांनी बैठकीत बसून बघायचं. गळली तर नऊ हजार परत. न्हाई गळली तर मी नाव काढणार न्हाई."

शिवशंकरनं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "मी बोलतो काकांशी." लग्नाला सहा वर्षं झाली होती. हे वाक्य शालूनं पहिल्यांदा ऐकलं.

तो खरंच बोलला. आणि काका, आश्चर्य म्हणजे, लगेच कबूल झाले. "या. बघा तुमच्या डोळ्यांनी. भागवतलाबी बोलावतो. तुमच्या काकूला सांगतो, पोहे कर."

रामप्रसादजींना शालूनं नळाचं सांगितलं. त्यांनी हिशोब करून पाहिला. महिनाअखेर आणि नळाचा दिवस जवळजवळच येत होते. "ठीक है बेटा. पण एक मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा रोज येऊन राहिला आहे. वाढवून देतो म्हणतो. त्याला मी फार दिवस नाही म्हणू शकणार नाही."

नळ शनिवारी सकाळी आले. शालू आणि शिवशंकर आधीच काकांच्या बैठकीत येऊन बसले होते. भागवत दाराशी उभा होता. दिवाण भिंतीपासून ओढून घेतला होता. झुंबरबाईंनी पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि शालूनं या वेळी त्या नाकारल्या नाहीत.

तोटीतून हवेचा फुसकारा आला, मग पाणी. शालू म्हणाली, "लावा काका."

काका उठले, जिन्याखाली गेले. बटणावर हात ठेवला असेल-नसेल, तोच रस्त्याच्या टोकाकडून वच्छलाबाईंच्या पोराचा आवाज आला, "गाडी आली, गाडी आली." पालिकेचं पथक वरच्या गल्लीत शिरलं होतं. तिथे दोन मोटरी जप्त झाल्या होत्या.

पुढच्या पाच मिनिटांत गल्लीतली सगळी घरघर बंद पडली. पान्हे निघाले, पाइप सुटले. गिरणीवाल्यानं मोटर गव्हाच्या पोत्यात घातली. वच्छलाबाईंनी आपली नातवाच्या पाळण्यात ठेवली, वर दुपटं टाकलं आणि पाळणा हलवायला लागल्या. काकांची मोटर भागवतनंच सोडवली, कारण पान्हा त्याच्याकडे होता. झुंबरबाईंनी ती पिठाच्या डब्यामागे सरकवली. आणि सगळ्यांच्या पायाशी तोटीतून करंगळीएवढी धार, आपली आपण, बादलीत पडत राहिली.

पथक आलं, जिन्याखाली डोकावलं, काकांना नमस्कार करून गेलं. तरी ते गल्लीच्या तोंडाशी थांबून राहिलं. गाडीत बसलेला माणूस चहा पीत होता.

"गेले की लावा काका," शालू म्हणाली.

"जाऊ तर दे."

ते जाण्याआधी नळ गेले.

काका बैठकीत परत आले. भिंतीवर हात फिरवला. मग तो हात शालूपुढे धरला. कोरडा होता. "बघ. आज तुझी मोटर नव्हती. भिंत ठणठणीत."

"तुमचीबी नव्हती," शालू म्हणाली.

"ते काही ठरलं नव्हतं. नळाला बघायचं, गळते का न्हाई, एवढं ठरलं. आले नळ. न्हाई गळली."

"काका, टाकीत पाणी चढलंच न्हाई तर पाइप गळणार कसा? भागवत, तू सांग ना."

भागवतनं पान्हा एका खिशातून दुसऱ्यात घातला. "पाणी चढलं पाहिजे," तो म्हणाला. मग काकांकडे बघून म्हणाला, "म्हंजी, चढलं असतं तर कळलं असतं."

"पालिकेवाले डोक्यावर उभे असताना मी मोटर लावायला पाहिजे होती का?" काका म्हणाले. "दंड बसला असता. तो बी तुझ्याच डिपॉजिटातून गेला असता मंग."

ते स्वतःच्या विनोदाला हसले. शिवशंकर उभा राहिला. त्याची बशी भरलेलीच होती.

"काका," तो म्हणाला, "त्या गुरुवारी हिची मोटर बंद झाल्यावर भिंत गळत होती का न्हाई?"

"मला काय आठवतंय का आता?"

"काकू, तुम्हाला?"

झुंबरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी काकांकडे पाहिलं, मग ओढून ठेवलेल्या दिवाणाकडे, मग शालूकडे. त्यांच्या हाताला पिठाच्या डब्यामागचं पीठ लागलेलं होतं. ते त्या पदराला पुसत राहिल्या.

"बादली मीच धरली होती," त्या म्हणाल्या.

"कव्हा?" शालूनं विचारलं. "माझी बंद झाल्यावर का आधी?"

"झुंबर, गॅसवर दूध आहे," काका म्हणाले.

झुंबरबाई आत गेल्या. दूध उतू गेल्याचा वास कुणालाच आला नाही. पण त्या बाहेर आल्या नाहीत.

बाहेर पडल्यावर, फाटकापाशी, काका मागून आले. आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या नळाला या. लावतो मोटर. पथक असो का नसो. मी शब्द देतो जावईबापू." शिवशंकरनं मान हलवली. तो पाया पडला नाही. काकांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी आशीर्वादाला उचललेला हात फाटकाच्या कडीवर नेला.

"शब्द देतो म्हणले," घरी जाताना शिवशंकर म्हणाला.

"शब्द डिपॉजिटालाबी दिल्ता," शालू म्हणाली.

पण आशा तिलाही होती. झुंबरबाईंचं ते अर्धं वाक्य तिच्या कानात होतं. त्याच संध्याकाळी तिनं त्यांना फोन केला. फोन काकांनी उचलला आणि सांगितलं की काकू वाटूरला गेल्या, तिकडे हरभऱ्याचं काम निघालं आहे, आठ-दहा दिवस तरी तिकडेच. फोन इथेच विसरल्या. शालूनं विचारलं, "अन् पुढच्या नळाला?" काका म्हणाले, "तिचं काय काम नळाला? मी आहे ना."

रामप्रसादजींकडे शालू स्वतः गेली. महिना संपला होता. तिनं पुढच्या नळापर्यंत मुदत मागितली. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. "नळ कधी आहेत बेटा?" असं विचारलं. शालूनं अंदाजानं रविवार सांगितला. नळाचा अंदाज या गावात कुणी छातीठोकपणे सांगत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

रविवारी नळ आले नाहीत. सोमवारी सकाळी शालू आणि शिवशंकर काकांच्या फाटकापर्यंत जाऊन आले. वच्छलाबाईंनी ओट्यावरूनच हात हलवून नाही म्हणून सांगितलं. दुपारी कळलं की मोठी लाइन कुठेतरी फुटली आहे, काम चालू आहे, दोन दिवस लागतील, कदाचित चार. मंगळवारी काकांचा फोन आला. मोटर जोडून तयार ठेवली आहे, पथक कुठल्या गल्लीत असतं त्यावर माणूस ठेवला आहे, असं त्यांनी सांगितलं. झुंबरबाई आल्या का, या प्रश्नाला त्यांनी "येतील" एवढंच उत्तर दिलं. शालूनं भागवतला फोन लावला. तो अंबडला एका मंगल कार्यालयाच्या कामावर होता. नळ आले तर सांगा, जमलं तर येतो, म्हणाला.

बुधवारी दुपारी मोबाइलवाला पोरगा रामप्रसादजींबरोबर आला. शटर वर गेलं. मागच्या खोलीत शालू एका ब्लाउजची बाही जोडत होती. मधल्या दाराच्या फटीतून तिच्या मशीनवर उजेडाची पट्टी पडली. पोरगा गाळ्याची मापं घेत होता, काउंटर कुठे बसेल ते बोटानं दाखवत होता. रामप्रसादजी "बघू, बघू" म्हणत होते. थोड्या वेळानं शटर खाली आलं.

बुधवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत नळ आलेले नव्हते, आणि गाळ्याची किल्ली रामप्रसादजींनी कुणालाच दिलेली नव्हती.